सकारात्मक मानसशास्त्राचा ऑनलाइन कोर्स: मुलं मध्येच गळू नयेत म्हणून काय करावं?

प्रश्न: कॉलेजच्या पहिल्या वर्षासाठी सहा आठवड्यांचा कोर्स आखतोय. रोज व्हिडिओ आणि कृतज्ञतेची नोंद ठरवली आहे. भावना सांभाळणं आणि ठरवलेलं पाळणं, दोन्ही शिकवायचंय. काय बदलू?

उत्तर १: रोजची कृतज्ञता आधी काढा. चार दिवसांत 'आई, मित्र, मोबाइल' एवढंच उरतं. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या २००५ सालच्या लेखातल्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांचं समाधान वाढलं, तीनदा लिहिणाऱ्यांचं नाही. 'तीन चांगल्या गोष्टी' (दिवसभरात चांगल्या घडलेल्या तीन गोष्टी रात्री लिहायच्या) हा सराव मात्र सलग सात रात्री घ्या. प्रत्येक गोष्टीपुढे 'हे का घडलं?' लिहायलाच हवं. तेवढं गाळलं की नुसती यादी होते आणि सरावातला जीवच जातो.

उत्तर २: ठरवलेलं पाळण्यासाठी मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांची 'जर-तर' योजना, म्हणजे 'अमुक झालं की तमुक करीन' असं आधीच ठरवणं. 'जास्त अभ्यास करीन' ही नुसती इच्छा झाली. 'जेवून ताट उचललं की मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून गणिताची वही उघडीन', असं लिहून घ्या. एका आठवड्याला एकच योजना. पाच दिल्या की एकही होत नाही.

उत्तर ३: 'टेन्शन आलंय' यावर थांबू देऊ नका. भीती, लाज, राग की थकवा, ते नेमकं लिहू द्या. आणि कृपा करून 'सकारात्मक राहा' असा आग्रह नको; मुलं खरं लिहिणंच सोडतात. मोकळ्या उत्तरांवर रोज समुपदेशकाची नजर हवीच. 'जगावंसं वाटत नाही' अशा ओळीला आपोआप 'शाबास!' गेलं, तर केवढं नुकसान!