‘सगळं थ्रेडवर टाका, विषय संपला’: खरंच संपला का?

बिनखिडकीचा_माणूस

विनफॉर्म्सवरचा (डॉटनेटमध्ये खिडक्या-बटणं करायचं मायक्रोसॉफ्टचं टूलकिट) परवाचा तो लेख वाचून डोकं फिरलं. ‘डेस्कटॉप ॲप हँग होतंय? बटणाच्या क्लिकमधलं सगळं टास्क-रनमध्ये गुंडाळा, विषय संपला.’ म्हणजे काम दुसऱ्या थ्रेडवर, प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या कामाच्या वेगळ्या धारेवर, टाका. खाली +१ ची रांग. त्यावर कडी म्हणजे शेवटचा परिच्छेद: दुसऱ्याच थ्रेडने खिडकीला हात लावला म्हणून क्रॉस-थ्रेडचं एक्सेप्शन (चुकीची बोंब) आलंच तर ते पकडणारी तपासणी फॉल्स, म्हणजे बंद, करून टाका, ‘एका ओळीत काम होतं’.

अहो, निदान बरोबर आहे. खिडकीच्या थ्रेडने पाच सेकंद मेसेज (क्लिक, टायपिंग वगैरे) उचललेच नाहीत की विंडोज तिला मेलेली समजतं, खिडकी पांढुरकी पडते आणि वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ लागतं. जड काम त्या थ्रेडवरून हलवायलाच हवं. पण ती तपासणी? ती डॉटनेट २.० मध्ये, २००५ साली आली, आणि मुळात डीबगर (चुका शोधायचं साधन) जोडलेला असेल तेव्हाच चालू असते. म्हणजे तुमच्या मशीनवर ती बोंब मारते आणि गिऱ्हाईकाला दिलेल्या एक्झीमध्ये गप्प असते. तिथे लेबल रंगत नाही, ग्रिड अर्धवट राहतो, कधी आठवड्यातून एकदा ॲप कोसळतं आणि लॉगमध्ये काही नसतं. बोंब मारणाराच गप्प केलात तर सापडणार काय?

आता माझाच पराक्रम. हजारो ओळींची फाइल आयात करणारा फॉर्म. काम इमानदारीत मागच्या थ्रेडवर टाकलं, आणि दर ओळीला प्रोग्रेस कळवला. फॉर्म तरीही हँग! काम मागे चाललं होतं, पण ‘पट्टी एक घर पुढे सरकव’ असे हजारो निरोप यूआय थ्रेडच्या, म्हणजे खिडकीच्या थ्रेडच्या, दारात येऊन पडले होते आणि तो बिचारा तेच निस्तरत बसला होता. शेवटी दर १०० मिलिसेकंदांनी एकदाच कळवायचं ठरवलं, तेव्हा कुठे माउस हलला.

दुसरा किस्सा शोधखिडकीचा. माणूस ‘करार’ टाइप करतोय. ‘कर’ची क्वेरी आधी सुटली पण जास्त रेकॉर्ड असल्याने उशिरा परतली, आणि ‘करार’च्या निकालावर येऊन बसली. चौकटीत ‘करार’, खाली यादी ‘कर’ची. त्याने सवयीने पहिली ओळ निवडली आणि डिलीट दाबलं. पुढचं सांगत नाही. जुनी क्वेरी रद्द करा, किंवा निकालाला क्रमांक देऊन शिळा निकाल फेकून द्या. थ्रेडवर टाकणं हा पाच मिनिटांचा भाग आहे, खरं काम त्यानंतर सुरू होतं.

झटपट_कोडर

तो लेख माझा आहे. नाव घ्यायला लाज वाटली का?

मी नवशिक्यांसाठी लिहिलं होतं. ज्याचा फॉर्म आज गोठलाय त्याला तुम्ही रद्दीकरण, शिळे निकाल आणि निरोपांचे ढीग ऐकवणार, तो डेस्कटॉप सोडून पळून जाईल. माझा उपाय लावून लोकांची ॲप्स चालतायत. तुमचा डिलीटचा किस्सा तर थ्रेडचा नाहीच, डिलीटला खात्री विचारली नाही म्हणून झाला.

बिनखिडकीचा_माणूस

खात्री विचारली होती. ‘नक्की काढायचं?’ ‘हो.’ लोक वाचतात असं वाटतं तुम्हाला?

व्हीबीचा_विधुर

तुम्ही निदान थ्रेडपर्यंत आलात. आमच्याकडे, व्हिज्युअल बेसिकमध्ये, होतं डूइव्हेंट्स: साचलेले मेसेज मध्येच उचलून घ्यायचा आदेश. लूप लांबला की मध्ये एक डूइव्हेंट्स टाकायचं, खिडकी जिवंत! आगीतून फुफाट्यात. कारण खिडकी जिवंत म्हणजे बटणंही जिवंत. एका ठिकाणी ‘जतन’ दाबल्यावर काही होत नाही असं वाटून ऑपरेटरने पुन्हा दाबलं, आणि पहिलं जतन अर्ध्यावर असतानाच दुसरं त्याच्या पोटात शिरलं. एक नोंद दोनदा. महिनाअखेरीस ताळा जुळेना तेव्हा कळलं. दोन दिवस डेटाबेसला शिव्या घालत होतो.

आणि असिंक-अवेट, म्हणजे खिडकी न अडवता काम संपायची वाट बघायची सोय, आलं (सी-शार्प ५, २०१२) म्हणून हे गेलं असं समजू नका. अवेटवर थांबलात की बटण पुन्हा दाबता येतंच. पहिल्या ओळीत बटण बंद, फायनलीमध्ये (काहीही झालं तरी शेवटी चालणाऱ्या भागात) चालू. हे फायनलीत नसेल तर एका एक्सेप्शननंतर बटण कायमचं करडं.

झटपट_कोडर

बटण करडं करा, हे मान्य. लेखात टाकतो. बाकी रडगाणं कळलं.

स्विंगचा_झोका

हे फक्त विनफॉर्म्सचं दुखणं नाही. जावाच्या स्विंगमध्ये इव्हेंट डिस्पॅच थ्रेड, सी++ च्या क्यूटीमध्ये मुख्य थ्रेड, पायथनच्या टीके-इंटरमध्ये आफ्टर. सगळीकडे एकच नियम: खिडकीला हात एकच थ्रेड लावणार. आणि हा कुणाचा आळस नाही. बहुथ्रेडी टूलकिट करायचे प्रयत्न झालेत. जावा बनवणाऱ्या सन कंपनीतल्या ग्रॅहॅम हॅमिल्टन यांनी २००४ मध्ये कारण छान मांडलं होतं: माउसचा इव्हेंट ऑपरेटिंग सिस्टिमकडून वर येतो, आणि तुमचा कोड वरून खाली हाका मारतो. दोघे वाटेत लॉक (एका वेळी एकालाच मिळणारं कुलूप) घेतात, पण उलट्या क्रमाने. मग दोघेही एकमेकांची वाट बघत बसतात. डेडलॉक.

तोच डेडलॉक घरच्या घरी हवा असेल तर यूआय थ्रेडवर असिंक मेथड बोलवा आणि अवेटऐवजी डॉट रिझल्ट (निकाल येईपर्यंत थ्रेड अडवून ठेवणारं) लिहा. टास्क म्हणते मला यूआय थ्रेड द्या, पुढचं तिथेच करायचंय. यूआय थ्रेड म्हणतो आधी तू संप. झालं.

ब्राउझरच_बरा

२००५ चं काय काढत बसलात? इलेक्ट्रॉन (वेबपेजसारखं डेस्कटॉप ॲप करायचं साधन) घ्या, एचटीएमएल लिहा, तिन्ही ओएसवर चालतं.

व्हीबीचा_विधुर

हो, आणि दोन टेक्स्टबॉक्सच्या ॲपबरोबर अख्खा क्रोमियम ब्राउझर पाठवा.

ब्राउझरच_बरा

व्हीएस कोड एडिटर त्यावरच चालतो ना? तुम्ही बहुतेक आत्ता त्यातच बसला असाल.

व्हीबीचा_विधुर

बसलोय. चांगला आहे. समाधान? पण जावास्क्रिप्टमध्ये लांब लूप लिहून बघा, तिथलीही खिडकी तशीच गोठते. पत्ता बदलला, दुखणं तेच.

टॅबची_वाट

इतका वेळ वाचतेय. थ्रेड, थ्रेड, थ्रेड. प्रोग्रॅमर व्हायच्या आधी मी चार वर्षं डेटा एंट्री केलीय. हँग होणारं ॲप महिन्यातून दोनदा छळतं. चुकीचा टॅब-क्रम (टॅब दाबल्यावर कर्सर कुठल्या चौकटीत जातो तो क्रम) दिवसातून हजार वेळा छळतो. त्यावर कुणी चर्चेचा धागा काढत नाही.

नाव टाइप केलं, टॅब दाबला, कर्सर थेट ‘रद्द’वर. का? तर ‘मधलं नाव’ची चौकट सहा महिन्यांनी मागाहून टाकली, डिझायनरने (फॉर्म आखायच्या साधनाने) तिला शेवटचा क्रमांक दिला, आणि टाकणाऱ्याने माउसने क्लिक करून तपासलं. माझ्या शेजारच्या ताई त्या फॉर्मवर टॅब, शिफ्ट-टॅब, शिफ्ट-टॅब असं बोटांनीच पाठ करून बसल्या होत्या. पुढच्या आवृत्तीत कुणीतरी क्रम ‘सुधारला’ आणि त्यांच्या दिवसभराच्या नोंदी एकेक घर सरकल्या.

झटपट_कोडर

अवांतर आहे, पण मुद्दा बरोबर. मात्र मला एक सांगा, ऑपरेटर लोकांना एंटर दाबून पुढच्या चौकटीत जायचं असतं. डॉसमध्ये तसंच होतं. मी प्रत्येक फॉर्मला ते करून देतो.

टॅबची_वाट

आणि म्हणूनच तुमच्या फॉर्मवर एंटरने जतन होत नाही. एंटर म्हणजे मुख्य बटण, एस्केप म्हणजे रद्द, टॅब म्हणजे पुढे. प्रत्येक ॲपने आपला वेगळा एंटर काढला तर माणसाने करायचं काय?

व्हीबीचा_विधुर

माफ करा ताई, इथे मी कोडरच्या बाजूने. एक हात अंकांच्या पॅडवर, दुसऱ्याने कागद उलटायचा. त्या हाताला एंटर मिळतो, टॅब नाही. आकडे भरणाऱ्यांसाठी एंटरच पुढे न्यायला हवा. एक्सेल काय करतं? एंटर, खालचा सेल. तिथे कुणी प्रमाण-बिमाण विचारत नाही.

टॅबची_वाट

एक्सेल ग्रिड आहे, फॉर्म नाही! आणि ‘शेरा’च्या चौकटीत नवी ओळ कशी टाकायची मग? कंट्रोल-एंटर? हे कुणी, कुठे सांगितलंय? स्क्रीनरीडर (पडदा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) वापरणाऱ्याला तुमचा मनाचा नियम कसा कळणार?

व्हीबीचा_विधुर

मी तेवीस वर्षं फॉर्म करतोय.

टॅबची_वाट

आणि मी ते भरलेत.

स्विंगचा_झोका

+१. यावर उत्तर नाही.

व्हीबीचा_विधुर

बरं. आकड्यांच्या ग्रिडमध्ये एंटर पुढे, फॉर्ममध्ये प्रमाण. एवढंच मान्य. ‘मी भरलेत’ हा युक्तिवाद मात्र नाही, सांगून ठेवतो.

मात्रा_कापणारा

कीबोर्डवर आलातच तर मराठी लेबलांचं बघा. ‘जतन’च्या ‘ज’खाली ऑल्टची रेघ (ऑल्टबरोबर हे अक्षर दाबा अशी खूण) दिली. दिसते झकास. पण ऑल्ट-ज दाबणार कसं? कीबोर्ड मराठीवर असेल तरच. ऑपरेटर आकडे आणि कोड टाकताना इंग्रजीवर, नावं टाकताना मराठीवर. म्हणजे शॉर्टकट अर्धा वेळ मेलेला. जपानी विंडोजच्या मेनूत नावापुढे कंसात रोमन अक्षर असतं, तेच आपल्याकडे करावं लागतं. दिसायला ओंगळ, पण चालतं.

दुसरं, लेबलाची उंची ठोकून बसवायची सवय. इंग्रजी अक्षराला पुरते. १५०% स्केलिंगवर ‘मूल्य’चा ऊकार खालून छाटला जातो आणि राहतं ‘मल्य’. ऑटोसाइझ चालू ठेवा आणि टेबल लेआउटमध्ये बसवा, पिक्सेल मोजून ठेवू नका. लॅपटॉपवरून बाहेरच्या मॉनिटरवर खिडकी ओढली की तीच गत: ९६ डीपीआयवर (इंचातले ठिपके) आखलेलं १४४ वर जातं. विंडोज १० च्या २०१७ मधल्या १७०३ आवृत्तीपासून त्यासाठी पर-मॉनिटर व्ही-टू (प्रत्येक मॉनिटरप्रमाणे आकार बदलायची सोय) आहे, पण ते ॲपने स्वतः जाहीर करावं लागतं. न केल्यास विंडोज चित्र ताणून देतं आणि लोक म्हणतात फॉन्ट धुरकट आहे.

ब्राउझरच_बरा

एचटीएमएलमध्ये हे आपोआप होतं. बोलू की नको?

मात्रा_कापणारा

बोलला आहात. आणि हो, यात तुमचं खरं आहे. वाटलं का जिवाला गार?

बिनखिडकीचा_माणूस

धागा माझा होता, आठवण करून देतो.

झटपट_कोडर

तुमच्याच धाग्यासाठी आलोय. तुमचं ऐकून रद्दीकरणाचं टोकन (मागच्या कामाला ‘थांब’ सांगायची खूण) टाकलं. टॅबताईंचं ऐकून एस्केपही लावला. आता आयात चालू असताना ‘रद्द’ दाबलं की काम थांबायच्या आत फॉर्मच बंद होतो, आणि मागचा थ्रेड मेलेल्या फॉर्मला प्रोग्रेस सांगायला जाऊन ऑब्जेक्ट-डिस्पोज्डवर (‘ही वस्तू आधीच मोडीत काढलीय’ या एक्सेप्शनवर) आपटतो. आधी असं होत नव्हतं. ऐकून हेच फळ?

बिनखिडकीचा_माणूस

एस्केपसाठी फॉर्मच्या कॅन्सल-बटन प्रॉपर्टीत ते बटण दिलंत?

झटपट_कोडर

अर्थात.

बिनखिडकीचा_माणूस

आणि फॉर्म शो-डायलॉगने, म्हणजे मोडल (बंद होईपर्यंत बाकी ॲप अडवणारा), उघडताय. मग कॅन्सल-बटन ठरवताना त्या बटणाचा डायलॉग-रिझल्ट ‘नन’ असेल तर विनफॉर्म्स तो आपणहून ‘कॅन्सल’ करतं, आणि मोडल फॉर्म क्लिक होताच मिटतो. डिझायनरमध्ये ‘नन’ ठेवून उपयोग नाही, ते कोडमध्ये उतरतच नाही. इनिशिअलाइझ-कंपोनंटच्या खालच्या ओळीत ‘नन’ करा. शिवाय कोपऱ्यातली फुली आहेच. फॉर्म-क्लोजिंगमध्ये काम चालू असेल तर बंद होणं अडवा, टोकन रद्द करा, आणि काम संपल्यावर स्वतः बंद करा.

टॅबची_वाट

आणि ‘रद्द करत आहे…’ असं लेबल दाखवा. नाहीतर माणूस एस्केप बडवत बसतो.

झटपट_कोडर

चाललं. लेखातली तपासणी बंद करायची ओळ काढून टाकलीय. बाकी लेख तसाच राहील, आणि +१ पण.