'पुरवठा साखळीचं एकात्मीकरण': सोपा शब्द आहे का?

विचारणारी: "पुरवठा साखळीच्या एकात्मीकरणाने कंपनीची स्पर्धात्मकता वाढते." इंग्रजीतल्या 'सप्लाय चेन इंटिग्रेशन'चं हे भाषांतर माझंच, आणि वाचून मलाच काही कळत नाहीये. 'एकीकरण' लिहावं तर बेळगावची समिती आठवते, 'एकात्मिक' म्हटलं की अंगणवाडी. काय लिहू?

जुना पुस्तकी: आधी अर्थ बघा, यात दोन गोष्टी आहेत. फोर्डच्या रूज कारखान्यात एका टोकाला लोहखनिज यायचं, दुसऱ्या टोकाने मोटार बाहेर पडायची. सगळ्याचा मालक एकच. त्याला एकीकरण म्हणा. टोयोटाचं तसं नाही. तिथे पुरवठादारांच्या कंपन्या वेगळ्या, पण कामाचा ताल एक. त्याला मी 'सांधणी' म्हणेन. आणि 'स्पर्धात्मकता' नको, 'स्पर्धाक्षमता' बरी. परीक्षा स्पर्धात्मक असते, कंपनी स्पर्धाक्षम.

चाकणवाला: आम्ही मोटार कंपनीला सुटे भाग पुरवतो. आमच्या शेडमध्ये यातला एकही शब्द कोणी वापरत नाही. "आपण त्यांच्या लाइनला बांधलेलो आहोत" म्हणतात, झालं. पूर्वी महिन्याचं शेड्यूल फोनवर यायचं, पंधरा दिवसांचा माल रॅकवर पडून असायचा. आता पोर्टल उघडलं की आज किती ब्रॅकेट आणि किती वाजता, ते दिसतं. मिल्क रनची गाडी पाच व्हेंडरकडून थोडाथोडा माल उचलत फिरते, भरलेले बिन नेते, रिकामे टाकते. गाडी चुकली तर डेबिट नोट, म्हणजे आमच्या बिलातून पैसे कापले. साठ्यात अडकलेला पैसा सुटतो हे खरं, पण कस्टमरचा. त्यांचं गोडाऊन रिकामं झालं आणि आमची शेड भरली! याला सांधणी म्हणायचं की ढकलणी, तुम्हीच ठरवा.

जुना पुस्तकी: 'ढकलणी' आवडला. पण घट्ट सांध्याचा धोका मोठ्यालाही असतोच. १ फेब्रुवारी १९९७ला जपानमध्ये कारिया इथल्या आयसिनच्या कारखान्याला आग लागली. ब्रेकचा एक छोटा व्हॉल्व टोयोटाला जवळपास सगळा तिथूनच जायचा, आणि साठा जेमतेम काही तासांचा. टोयोटाच्या लाइनी थांबल्या. मग इतर पुरवठादार धावून आले, शिलाई मशीनवाल्या ब्रदरनेसुद्धा व्हॉल्व करून दिले, आणि आठवड्याभरात गाडं बरंचसं रुळावर आलं. पोर्टल होतं म्हणून कोणी रात्रभर मशीन चालवत नाही. वर्षानुवर्षांचे संबंध होते.

विचारणारी: पण 'सांधणी' वाचून लोकांना गुडघे आठवतील ना?

रेल्वेतला: आमच्याकडे सांधेवाला असतो की! रूळ जिथे जुळतात तो सांधा. गाड्या वेगळ्याच राहतात, वाट तेवढी जुळते. तुमच्या अर्थाला नेमका बसतो.

विचारणारी: मग असं लिहिते: "पुरवठादारांशी कामाची सांधणी नीट झाली, की माल साठ्यात कमी अडकतो, मागणी बदलली तरी कंपनी लवकर वळते आणि बाजारात टिकते."

चाकणवाला: 'नीट'च्या जागी 'दोन्हीकडून' टाका.