शब्दचर्चा: 'रनटाइम चेक'ला मराठीत काय म्हणायचं?

टिळकवाडीकर: शनिवार-रविवार इथं बेळगावात पोरांना पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवतोय, निम्मी मराठी शाळेतली, निम्मी कन्नड. संगणकाला प्रोग्रॅम समजावणाऱ्या इंटरप्रिटरला दुभाष्या म्हटलं की इथं लगेच कळतं, कन्नडमधली नोटीस आली की आज्जाच्या शेजारी बसून वाक्यावाक्याला अर्थ सांगणारा नातू म्हणजे दुभाष्या, आणि अख्खा कागद आधीच मराठीत करून आणणारा तो कंपायलर. गाडी अडलीय रनटाइम चेकवर, म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना होणाऱ्या तपासणीवर. 'धावकालीन तपासणी' म्हटलं तर एकजण विचारतो, सर पोलीस भरती काय?

निपाणीकर: तपासणीच म्हणा की हो. २०२१ला कोगनोळी नाक्यावर कोल्हापूरकडनं येणाऱ्या गाड्या थांबवून आरटीपीसीआर रिपोर्ट बघायचे ना, तसंच. यादीत १० वस्तू असल्या तर शेवटचा नंबर ९, कारण मोजणी शून्यापासून. तुम्ही यादी[१०] लिहिलं की पायथन इंडेक्सएरर म्हणून तिथंच अडवतो. सी भाषेत नाकाच नाही, गाडी सरळ दुसऱ्याच्या उसात. नाका ठेवला की रांग लागणार, वेग पाहिजे तर नाका काढा.

खानापूरवाला: खरं रांग नाक्यामुळं लागत नाही, घोळ तिथंच आहे. अ + ब लिहिलं की दुभाष्याला आधी बघावं लागतं हे आकडे आहेत का अक्षरं, त्याशिवाय बेरीज करायची का जोडून लिहायचं हे त्याला कळणारच नाही. म्हणजे ती तपासणी नव्हेच, ओळख. ओळख पटली आणि काही मार्गच सापडला नाही की टाइपएरर, टाइप म्हणजे आकडा का अक्षर तो प्रकार. जावास्क्रिप्ट ही दुसरी भाषा पण बघतेच की, फक्त "१" + १ ला अडवायच्या ऐवजी "११" करून देते, बघण्याचा खर्च दोघांनाही. खरा वेळ जातो तो प्रत्येक ओळीला हे सगळं पहिल्यापासून करण्यात. यादीची हद्द बघणं म्हणजे एखाददुसरी तुलना, तेवढी काढून दुभाष्या काय पळायला लागणार नाही. ऑक्टोबर २०२२ला पायथन ३.११ आलं ते ३.१० पेक्षा सरासरी २५ टक्के फास्ट, त्यात नाके काढले नाहीत बरं का, एकाच जागी सारखे आकडेच येतायत असं दिसलं की जवळची वाट धरायची आणि जाताजाता फक्त 'मघाचाच ना तू' एवढं विचारायचं, नसला तर परत लांबची वाट.

टिळकवाडीकर: मग असर्टला काय म्हणू, 'हे असंच असलं पाहिजे, नसलं तर थांब' असं प्रोग्रॅममध्ये लिहितो त्याला? पोरं म्हणतात पायथन चालवताना वजा ओ (-O) लावलं की वेग वाढतो.

निपाणीकर: त्या ओ नं आमच्या ओळखीच्या एका दूध डेअरीत गंमत केलती. बिलाच्या प्रोग्रॅममध्ये लिटर शून्यापेक्षा जास्त पाहिजेत असा असर्ट होता, कुणीतरी फास्ट चालावं म्हणून वजा ओ लावून ठेवलं, आणि एका सभासदाच्या नावावर वजा १२ लिटर दूध चढलं. दहा दिवसांचं बिल हातात आल्यावर माणूस काट्यावरच भांडायला उभा! वजा ओ असर्ट तेवढे गाळतो, इंडेक्सएरर, टाइपएरर आहे तिथंच राहतात. म्हणून असर्टला मी 'बजावणं' म्हणेन, बजावून सांगितलेलं कानाआड करता येतं.

खानापूरवाला: बजावणी म्हटलं की आमच्याकडं कोर्टाचं समन्स डोळ्यापुढं येतं. आणि बाहेरनं आलेला आकडा असर्टवर सोडायचाच नसतो, तिथं सरळ इफ, म्हणजे जर-तरची अट लिहून एरर काढायची. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९८०च्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात सांगितलंय, त्यांच्या अल्गोल भाषेच्या कंपायलरमध्ये हद्दीची तपासणी होती, वेगासाठी ती बंद करायची सोय देऊ का म्हणून गिऱ्हाइकांना विचारलं तर सगळ्यांनी नको म्हटलं.

टिळकवाडीकर: हद्द, सीमा हे शब्द वर्गात नको वाटतात हो, इथं सीमा म्हटलं की तास भलत्याच विषयावर जातो.

निपाणीकर: मग बांध म्हणा. बांध कोरला की काय होतंय हे शेतकऱ्याच्या पोराला सांगायला लागत नाही.

टिळकवाडीकर: व्हय, हे जमलं. शनिवारी 'बांध बघणं' वापरतो, टाइपला 'ओळख'. असर्टला असर्टच ठेवतो.