एमओएफच्या पावडरनं खारपाणपट्ट्यातले पाइप वाचतीन का?

पूर्णाकाठचा वेल्डर: काल इथं एकानं टाकलं, "एमओएफवालं इपॉक्सी आलं, आता पोलादी पाइप खाऱ्या पाण्यात गंजणारच नाही." एमओएफ म्हणजे धातू आन् सेंद्रिय रेणूईची पोकळ जाळी, तिची पावडर इपॉक्सीच्या कोटिंगमधी मिसळतात. वाचून डोस्कं फिरलं म्हणून एवढं लिवतो. २२ वर्षं पाइप जोडून राह्यलो, पाइप मधात नाई सडत भाऊ, जॉइंटपाशी सडते. वेल्डिंगनं कोटिंग जळते, मंग नालीतच वायर ब्रश मारून ओल्यावर प्रायमर फासतात. वरून आपली काळी माती, उन्हाळ्यात भेगा, पावसाळ्यात फुगते, कोटिंग ओरबाडून काढते. तिथं पावडर काय करन?

मास्तर: ओरखड्यासाठीच तर आहे ते! झेडआयएफ-८ हा एक एमओएफ, म्हणजे जस्त आन् मिथाइल इमिडाझोलची जाळी, तिच्या पोकळ्यांत बेंझोट्रायझोल हे गंज रोखणारं औषध भरतात. कोटिंग फाटून गंज लागला की तिथं आम्ल तयार होते, जाळी विरघळते, औषध बाहेर येऊन उघड्या लोखंडावर थर धरते. २०२५ चं नोबेल किटागावा, रॉब्सन आन् याघी यांना या जाळ्यांसाठीच भेटलं.

संत्रा बाग: नोबेल पाइपाले लावता का? एमओएफ-५ तर हवेतल्या ओलीनंच मोडते.

मास्तर: तो जुना. झिरकोनियमचा यूआयओ-६६ पाण्यात टिकते. एकावरून सगळ्याईले नावं नका ठेवू.

खारपाणची लेक: तुमी दोघं जाळीवर भांडून राह्यले. आमच्या गावात पाइप टाकला, पाणी आठ दिवसातून एकडाव. बाकी दिवस पाइप रिकामा, आत ओल आन् हवा, आतूनच सडला. तोवर बोअरचं खारं पाणी प्या. माझ्या सासऱ्याचं डायलिसिस चालू आहे, हप्त्यातून दोनदा अकोल्याले नेतो, जाण्यायेण्याचंच भाडं पुरत नाई. प्लास्टिकचा पाइप टाका ना, तो गंजतच नाई!

पूर्णाकाठचा वेल्डर: ताई, गावातल्या गल्लीत टाका प्लास्टिक, मी नाई म्हणत नाई. धरणापासून येणारी मोठी लाइन, तिचं प्रेशर, तिथं पोलादच लागते.

खारपाणची लेक: मंग ते पोलाद रिकामं ठेवू नका! पाणी रोज सोडा, अर्धा गंज तिथंच थांबन.

संत्रा बाग: हे मात्र ताईचं खरं.

मास्तर: मान्य. पण लाइनीचा बाहेरचा गंज पाणी सोडून थांबत नाही, जमिनीतलं मीठ तिथंच राहते.

पूर्णाकाठचा वेल्डर: ओरखड्यावर औषध येते हे मले ठाऊक नव्हतं, तेवढं घेतो. पण प्रयोग ३.५ टक्के मिठाच्या पाण्यात, साफ घासलेल्या पत्र्यावर करतात. माझ्या चिखलातल्या जॉइंटवर करा. ४ इंची तुकडे माझ्याकडं पडले आहेत, वेल्ड मी मारतो, कोटिंग तुमी आणा, खाऱ्या बोअरपाशी दोन पावसाळे गाडू.

मास्तर: एका तुकड्याला साधं इपॉक्सीच लावा, नाहीतर कशाशी ताडून पाहणार? आन् ब्रश तुमच्या रोजच्या हातानंच मारा, जास्त नको.