विषय: क्लॅरिनेट चिरकतंय, पेटीशीही जुळत नाही

नमस्कार मंडळी,
मुलीने सहावीत बँडसाठी क्लॅरिनेट घेतलंय. स्वर निघतात, पण मधेच कर्कश चिरकतं. पेटीच्या पांढरी एकशी तिचा सी जुळतच नाही. अडीचऐवजी तीन नंबरची, म्हणजे जास्त कडक रीड (माउथपीसवर बसणारी, कंप पावणारी पातळ पट्टी) लावावी का? आणि ऑनलाइन स्वस्तात नवं मिळतंय, ते भाड्यापेक्षा बरं पडेल का?
– मीनल

---

मीनलताई,
तीन नंबर सध्या मुळीच नको. पहिल्या वर्षी दोन किंवा अडीच पुरे. कडक रीड वाजावी म्हणून मुलं खालच्या जबड्याने चावतात, आणि चावलं की चिरकणं वाढतं.

आधी दोष कुठे आहे ते शोधा. मुलीच्या समोर बसा. तिने फक्त फुंकायचं, भोकं तुम्ही दाबायची, मागचं अंगठ्याचं धरून. स्वर स्वच्छ आला तर गडबड तिच्या बोटांत. मग तिला सगळी भोकं दहा सेकंद घट्ट दाबून धरायला सांगा आणि बोटं उलटी करून बघा. प्रत्येक बोटावर पूर्ण गोल ठसा हवा. अर्धाच उमटला असेल तर तिथून हवा निसटतेय. बहुतेक वेळा अनामिकाच सापडते. दुसरा संशयित उजव्या तर्जनीचं मूळ. ते नकळत साइड कीला (नळीच्या बाजूच्या चापाला) टेकतं.

तुम्ही दाबूनही चिरकलं तर रीड बघा. टोकाला बारीकशी चीर असली तरी फेकून द्या. चांगली रीड मिनिटभर तोंडात ओली करून अशी बसवायची, की समोरून पाहताना तिच्या टोकावर माउथपीसची केसाएवढी काळी कड दिसेल. लिगेचर (रीड आवळून धरणारा पट्टा) माउथपीसवर कोरलेल्या रेषेच्या खाली, स्क्रू रीड हलणार नाही इतपतच. तोंडात किती घ्यायचं? कागदाची पट्टी रीड आणि माउथपीसमधल्या फटीत सरकवा. जिथे अडेल तिथे खालचा ओठ. त्याहून कमी घेतलं तर आवाज पिचका येतो, फार आत घेतलं तर चिरकतो.

वाजवून झालं की रीड काढून सपाट डबीत ठेवा. माउथपीसवरच राहिली तर टोक वाकडं होतं, बुरशीही धरते. तीन-चार रीड्स आलटून पालटून वापराव्यात.

जोडताना वरच्या जॉइंटच्या (नळीच्या वरच्या भागाच्या) रिंगा दाबून धरायला शिकवा, म्हणजे ब्रिज की (दोन्ही भागांना जोडणारी की) उचलली जाते. तसंच पिळलं तर ती वाकते, मग दुकान गाठावं लागतं.
– श्रीरंग

---

पेटीबद्दल माझ्याकडून. पांढरी एक जुळणारच नाही. शाळेतलं क्लॅरिनेट बी फ्लॅटचं असतं. कागदावरचा सी म्हणजे पेटीची काळी पाच. तिथे सा धरा, की बँडचे पहिले पाच स्वर, सी डी ई एफ जी, सरळ सा रे ग म प होतात. सगळी भोकं मोकळी सोडली की जी, म्हणजे प. पेटी उतरलेली असू शकते, म्हणून आधी पांढरी सहा फोनच्या ट्यूनरवर ४४० हर्ट्झला आहे का बघा.

पेटीचा आणखी एक उपयोग. नुसता माउथपीस आणि बॅरल (त्याच्या लगेच खालचा छोटा नळीचा तुकडा) जोडून फुंकायला सांगा. वरच्या सप्तकातली काळी तीन यायला हवी. सूर खाली राहिला तर ओठ सैल आहेत, वर चढला तर ती चावतेय. शिक्षक वर्गात हेच करून घेतात, फक्त त्याला एफ शार्प म्हणतात.

पुढे रजिस्टर की (वरचे स्वर काढणारी मागची अंगठ्याची की) येईल तेव्हा बासरी शिकलेली मुलं हमखास अडखळतात. बासरीत जोर लावला की त्याच बोटांनी वरचा सा मिळतो. इथे सा च्या बोटांनी ती की दाबली तर थेट वरच्या सप्तकातला प. नवी बोटं पाठ करण्याला पर्याय नाही.
– सुनीता

---

खरेदीचं राहिलं. बिननावाचं स्वस्त वाद्य नकोच: कीचा धातू मऊ असतो, सुटे भाग मिळत नाहीत, आणि बरेच कारागीर ते दुरुस्तीला घेतच नाहीत. भाड्याचं घ्या, पण करारात दोन गोष्टी वाचा: दुरुस्ती धरलेली आहे का, आणि भरलेलं भाडं पुढे खरेदीत वळतं होतं का. वाद्य प्लॅस्टिकचंच मागा. लाकडी क्लॅरिनेट थंडीत बसस्टॉपवरून एकदम गरम वर्गात आलं की तडकू शकतं.
– श्रीरंग