‘ड्राफ्ट’ला मराठीत काय म्हणाल? (पत्त्यांतला, सरकारी नव्हे)

तिर्री

मंडळी, एका शब्दाशी अडलोय. आमच्या कट्ट्यावर रविवारी ‘मॅजिक द गॅदरिंग’ खेळतात. नव्या पोरांसाठी मराठीत एकपानी माहितीपत्रक करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. बाकीचे नियम कसेबसे बसवले, ‘बूस्टर ड्राफ्ट’पाशी गाडी थांबली.

न खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात: आठ जण गोल बसतात, प्रत्येकापुढे तीन बंद पाकिटं. पहिलं फोडायचं, एक पत्ता स्वतःला ठेवायचा, बाकीचे डावीकडच्याला द्यायचे. उजवीकडून येतील त्यातून पुन्हा एक ठेवायचा. असं करत पाकीट संपवायचं. दुसरं पाकीट उलट दिशेनं फिरतं, तिसरं पुन्हा डावीकडे. मग जमलेल्यातले तेवीसेक पत्ते आणि वर सतरा लँड (बाकीचे पत्ते टाकायला लागते ती ‘माना’ नावाची शक्ती देणारे पत्ते), अशी चाळीसची गड्डी बांधून खेळायचं.

या निवडीच्या टप्प्याला मी ‘उचल’ लिहिलं होतं. पहिली उचल, दुसरी उचल, वाचायला बरं वाटत होतं. आमच्यातला एक जण बीडकडचा आहे, तो म्हणाला, उचल म्हणजे ऊसतोडीला निघताना मुकादमाकडून घेतात ती. ती फेडायची असते, खेळायची नसते. आता तो शब्द माझ्याच्यानं लिहवत नाही.

शिवाय दोन शेपटं आहेत. एकटा डाव फिरवतो अशा पत्त्याला तिकडे ‘बॉम्ब’ म्हणतात, मी ‘हुकमी पत्ता’ केलंय. चालेल? आणि ‘कार्ड इव्हॅल्युएशन’ला ‘पत्त्यांचे मूल्यमापन’ लिहिलं तर उत्तरपत्रिका तपासल्यासारखं वाटतं.

बोरूबहाद्दर

कृपा करून ‘मसुदा’ करू नका एवढंच सांगतो. इंग्रजीत हा एकच शब्द मुळात ‘ओढणे’ या अर्थाचा, आणि त्याच एका दाव्याला कागदाचा खर्डा, बँकेची हुंडी, सक्तीची सैन्यभरती आणि वाऱ्याची झुळूक अशी सगळी गुरं बांधलेली. मराठीत प्रत्येकाला वेगळा शब्द आहे आणि तो असावाच. (‘धनाकर्ष’ हा त्यातला दुर्दैवी. बँकेच्या फॉर्मबाहेर तो कुणी उच्चारल्याचं मी ऐकलेलं नाही.)

तुमच्यासाठी ‘वेचणी’ सुचवतो. वेचक, निवडक याच घरातला आहे आणि शुद्ध मराठी आहे.

नागपुरी संत्रं

वेचणी कापसाची असते भाऊ. कापूस वेचताना फुटलेलं बोंड न् बोंड वेचतात, एक घेऊन चौदा शेजारच्याला देत नाहीत. निवडतात ते तांदूळ. आणि तांदळातही काढून टाकतात ते खडे.

भिडू नं. ५

तुम्ही लोक गल्लीत कधी खेळलाच नाहीत का? दोन कॅप्टन उभे राहतात, छापा-काटा होतो, मग आळीपाळीनं एकेक पोरगा मागून घेतात. त्याला आम्ही ‘टीम पाडणे’ म्हणायचो, मोठी माणसं ‘भिडू पाडून घेणे’ म्हणायची. अमेरिकेत बास्केटबॉलवाले करतात तो ड्राफ्ट हाच. तेव्हा ‘पत्ते पाडून घेणे’. आणि शेवटी उरलेल्या ज्या पत्त्याला कुणी विचारत नाही तो ‘लिंबूटिंबू’. बघा, माहितीपत्रक अर्धं झालं.

खवचट

ड्राफ्टला ड्राफ्टच म्हणा. खेळणारे सगळे ड्राफ्टच म्हणतात, तिर्रीही कट्ट्यावर तेच म्हणत असणार. जो शब्द लिहिणारा स्वतः वापरत नाही तो नव्या पोराच्या तोंडी कशाला द्यायचा?

बोरूबहाद्दर

याच न्यायाने ‘पायचीत’ आणि ‘यष्टिचीत’ जन्मालाच आले नसते.

खवचट

ते शब्द रेडिओच्या धावत्या समालोचनातून रोज कानावर पडले आणि वर्तमानपत्रात रोज छापून आले, म्हणून टिकले. तिर्रीच्या माहितीपत्रकाच्या किती प्रती निघणार आहेत?

तिर्री

चाळीस. पण मुद्दा तो नाही हो. ‘बॉम्ब’चं कुणीच बोलत नाहीये.

नागपुरी संत्रं

मी बोलतो. हुकमी बिलकुल नको. आमच्याकडे हुकूम म्हणजे इस्पिक. काळ्या बदामाला देठ असलेला तो. हुकमाचा एक्का म्हटलं की इस्पिकचा एक्का, विषय संपला.

भिडू नं. ५

काय सांगता! हुकूम म्हणजे त्या डावापुरता ठरलेला वरचढ रंग. बदामाचाही हुकूम असतो, किलवरचाही असतो. मेंढीकोटात बंद हुकूम कसा लावता मग तुम्ही?

नागपुरी संत्रं

तोही लावतो. दोन्ही अर्थ चालतात, बोलण्यावरून कळतं. हिंदीत इस्पिकला हुकुमच म्हणतात, किलवरला चिडी, चौकटला ईंट आणि बदामाला पान. आमच्या घरी निम्मा डाव मराठीत आणि निम्मा हिंदीत व्हायचा. आजोबा ‘पान टाक’ म्हणाले की पाहुणे बदाम टाकायचे.

कोकणमेवा

हे भारी आहे, कारण आमच्याकडे ‘पान’ म्हणजे कुठलाही पत्ता. पानं पिसली, पानं वाटली, माझ्या हातात पानंच नाहीत. ‘पत्ता’ आणि ‘पान’ एकच की, मुळात दोन्ही झाडाचंच. तिर्रीनं ‘पत्ता’ का धरलाय? ‘पहिला पत्ता कसा निवडावा’ वाचून कुणाला घर शोधतोय असं वाटेल.

आणि पत्त्यांचा विषय निघालाच आहे तर सावंतवाडीचा गंजिफा कुणी पाहिलाय का? दशावतारी संच दहा रंगांचा, एकेका रंगात बारा पानं, एकूण एकशेवीस. गोल, लाखेची, मत्स्यापासून कल्कीपर्यंत सगळे अवतार. तुमच्या मॅजिकवाल्यांचे पाचच रंग ना?

पश्चिमवारा

(सिअ‍ॅटलजवळून. हा खेळ काढणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्टचं गाव इथून हाकेच्या अंतरावर. माझा संबंध फक्त पैसे घालवण्यापुरता.)

हो, पाचच: पांढरा, निळा, काळा, लाल, हिरवा. १९९३ साली रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञानं काढलेला खेळ. हुकूम नाही आणि हात करणंही नाही, त्यामुळे ‘हुकमी’ माझ्याही कानाला खटकतं, पण कारण वेगळं आहे. हुकमी म्हणजे खात्रीचं. हुकमी उतारा, हुकमी औषध. बॉम्ब खात्रीचा नसतो. समजा सहा मानाचा ‘शिवन ड्रॅगन’ टाकला, पाच-पाच ताकद (पाचचा वार, पाचचा तग), वर उडतो, वाटलं जिंकलो. समोरच्यानं दोन मानात ‘डूम ब्लेड’ टाकलं की तुमचा ड्रॅगन गेला आणि तुमची अख्खी पाळी वाया. ज्याला उत्तर सापडलं नाही तर डाव संपतो, तो बॉम्ब. त्याला हुकमी म्हणून नव्या पोरांना फसवू नका.

आता मूल्यमापनाचं. इथे शब्द चुकला तर शिकवणीच चुकते, म्हणून जरा लांबण लावतो.

पूर्वी नवख्यांना ‘ब्रेड’ पाठ करायला लावत. बॉम्ब, रिमूव्हल (समोरच्याचा पत्ता मारणारे), इव्हेजन (चुकवून वार करणारे), ॲग्रो (झटपट हल्ला करणारे), डड (टाकाऊ), या इंग्रजी आद्याक्षरांच्या क्रमानं पत्ते घ्या. सुरुवातीला काठी म्हणून ठीक, पण यातून असं वाटतं की पत्त्याच्या कपाळावर किंमत लिहिलेली आहे. तसं नसतं. २०१२च्या ‘रिटर्न टू राव्हनिका’ संचातला ‘पॅक रॅट’ घ्या. दोन मानाचा उंदीर. त्याची ताकद तुमच्याकडे जितके उंदीर तितकी, म्हणजे एकटा असताना एक. वाचून कुणीही पुढे ढकलेल. खाली बारीक अक्षरात लिहिलंय की तीन माना द्या, हातातला एक पत्ता फेका, आणखी एक तसाच उंदीर तयार. इथे थांबून विचार करा. हातातली निरुपयोगी लँडही उंदीर होते. दोन उंदीर झाले की प्रत्येकाची ताकद दोन, तीन झाले की तीन. समोरच्यानं एक मारला तर उरलेला पुन्हा पिल्लं काढतो. म्हणजे गड्डीत बाकी काय आहे यानं फरकच पडेनासा होतो. ड्राफ्टमध्ये या उंदरानं अक्षरशः वात आणला होता. तोच पत्ता साठ पत्त्यांच्या तयार गड्ड्यांमध्ये, जिथे चौथ्या पाळीत डाव आटोपू शकतो, तिथे तितका भारी नाही.

म्हणून ‘मूल्यमापन’ नको, ‘जोखणे’ घ्या. पत्ता जोखायचा तो स्वतःच्या गड्डीच्या संदर्भात. तुमच्याकडे पाच मानाचे सहा राक्षस आधीच असतील तर सातवा कितीही देखणा असला तरी दोन मानाचं साधं दोन-दोनचं अस्वल घ्यावं. पहिल्या पाकिटात मी ते अस्वल बघणारही नाही. हल्ली ‘सेव्हन्टीन लँड्स’सारख्या साइटवर कुठला पत्ता हातात आला की किती टक्के डाव जिंकले जातात याचे आकडे मिळतात. (नाव त्या सतरा लँडवरूनच.) पोरं ते तोंडपाठ करून बसतात आणि तिसऱ्या पाकिटात रंग न जुळणारा ‘भारी’ पत्ता उचलतात.

कोकणमेवा

जोखणे आवडलं. पारख पण चालेल का?

पश्चिमवारा

पारख माणसात असते, त्याला पत्त्यांची पारख आहे असं म्हणू. क्रिया जोखण्याचीच.

खवचट

‘ब्रेड’चं मराठीकरण कुणी ‘भाकरी’ करायच्या आत धागा बंद करा.

भिडू नं. ५

भ म्हणजे भारी, क म्हणजे काटा काढणारे... ‘र’ला काय?

तिर्री

काटा काढणारे! रिमूव्हलला हे घेतोच. समोरच्याला चुकवून वार करणाऱ्यांना ‘हुलकावणी’ केलंय आणि जागा भरायला घेतलेल्यांना ‘भरताड’. पश्चिमवारा, ‘सिग्नल’ राहिलाय. मी ‘इशारे’ लिहिलंय.

पश्चिमवारा

इशारा कुणी मुद्दाम करतो. इथे कुणी काही करत नसतं. मेंढीकोटात भिडूला डोळा मारतात तो इशारा, आणि तो पकडला तर भांडण. ड्राफ्टमध्ये काय होतं बघा. पहिल्या पाकिटाच्या फेरीत सहाव्या वेळी तुमच्या हातात आलेल्या गठ्ठ्यात ‘डूम ब्लेड’सारखा पत्ता अजून शिल्लक आहे. म्हणजे उजवीकडच्या पाच जणांनी तो पाहिला आणि सोडला. काळा रंग तिकडे फारसा कुणी खेळत नसावा. हे त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही, तुम्ही ताडलंत. मागे राहिलेल्या खुणांवरून काढतात तो ‘माग’. मी ‘माग काढणे’ म्हणेन.

तसंच तुम्ही डावीकडे काय सोडताय त्याचाही माग लागतो. पहिल्या पाकिटात लाल पत्ते डावीकडे सोडत राहिलात तर तो शेजारी लाल होतो, आणि दुसरं पाकीट उलटं फिरतं तेव्हा तुमच्यापर्यंत लाल येतच नाही. पंधराच्या पाकिटात आठ जण म्हणजे तुम्ही फोडलेलं पाकीट सात पत्ते उरलेलं परत तुमच्याकडे येतं. काय गेलं आणि काय उरलं हे तेव्हा आठवायला हवं. २०२४पासून नव्या पाकिटांत चौदाच पत्ते असतात, तेव्हा परत येतात सहा.

नागपुरी संत्रं

आपल्याला नको असलेला पत्ता शेजाऱ्याला मिळू नये म्हणून दाबून ठेवायचा, त्याला काय म्हणता?

खवचट

भाऊबंदकी.

बोरूबहाद्दर

विषय भरकटतोय. कुणी ‘माना’बद्दल बोललं नाही. हा तर उघडउघड ‘मन’, ‘मानस’ यांच्याशी नातं सांगणारा शब्द. मनाची शक्ती ती माना. ‘मनोबल’ लिहावं.

पश्चिमवारा

नाही हो. माना पॅसिफिकमधल्या बेटांवरचा आहे, माओरी आणि हवाईयन भाषांत तो सापडतो. अर्थ वजन, प्रभाव, अंगातलं तेज असा काहीसा. संस्कृतचा तिथे काही संबंध नाही.

बोरूबहाद्दर

संस्कृत कुठे कुठे पोहोचली होती याचा अभ्यास करावा.

भिडू नं. ५

झालं सुरू.

कोकणमेवा

माझा प्रश्न तसाच राहिला. पान की पत्ता? शिवाय तिर्रीनं चाळीसला ‘गड्डी’ म्हटलंय, ‘कॅट’ का नाही?

नागपुरी संत्रं

कॅट बावन्नचाच. एक पान हरवलं की तो कॅट उरत नाही, मग त्याला गड्डी म्हणा नाहीतर काही म्हणा.

भिडू नं. ५

आमच्याकडे एकावन्न पत्त्यांचा कॅट वर्षानुवर्षं खेळला गेला. चौकटची दुर्री नव्हती, तिच्या जागी लग्नपत्रिकेचा तुकडा. आणि किलवर डचांचा आहे म्हणे, त्यांच्यात क्लाव्हर म्हणतात. मग इस्पिक कुणाचा?

तिर्री

अहो, ड्राफ्ट! वेचणी, पाडणी, की ड्राफ्ट? शनिवारी छापायला द्यायचंय.

कोकणमेवा

‘पाडणी’ नारळाची असते.

खवचट

मला एवढंच सांगा, गड्डीत जोकर निघाला तर त्याला जोकर म्हणायची बोरूबहाद्दरांची परवानगी आहे ना?

बोरूबहाद्दर

विदूषक. आणि ‘परवानगी’ फारसी आहे, ‘अनुमती’ म्हणावं. तुमचा तो ‘हुकूम’ही अरबी.

नागपुरी संत्रं

आणि ‘बहाद्दर’ कोणत्या गावचा?