तोत्तोचानच्या शाळेच्या गावी जायचं आहे: जपान सहलीचा बेत

शाळेतली_बाई

नमस्कार मंडळी,

यंदा दिवाळीच्या सुट्टीत आम्ही जपानला जायचं म्हणतोय, आणि ही सहल तेत्सुको कुरोयानागी यांनी आपल्या लहानपणच्या शाळेवर लिहिलेल्या 'तोत्तोचान' या पुस्तकाभोवती आखावी असं माझ्या मनात आहे. मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मी पाचवीत असताना बाबांनी नॅशनल बुक ट्रस्टची मराठी प्रत आणून दिली होती. ती आता पार विरली आहे, पण शनिवारी सकाळच्या शाळेत मी अजून त्यातूनच वर्गाला एखादं प्रकरण वाचून दाखवते. तोमोई शाळेचे कोबायाशी गुरुजी पहिल्याच दिवशी छोट्या तोत्तोचानचं बोलणं तासन्‌तास ऐकत बसतात, ते प्रकरण सुरू झालं की वर्गात कुणी हलत नाही. मी शिक्षिका झाले त्यात या पुस्तकाचा वाटा मोठा आहे.

लेक तिसरीत आहे. तिने पुस्तक स्वतः वाचलंय आणि तिची यादी तयार आहे: आगगाडीच्या डब्यातला वर्ग, पोलिओ झालेला मित्र यासुआकी-चान चढला ते झाड, आणि ते तिकीटवाले काका. मी तिला सांगितलंय की १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात शाळा जळाली. तिचं म्हणणं, "जागा तर असेल ना?"

बरोबर नवरा आणि सासूबाई. नवऱ्याला बुलेट ट्रेन आणि फुजी पर्वत पाहायचाय आणि एका पुस्तकासाठी एवढा खर्च कितपत योग्य, अशी त्याची रास्त शंका आहे. सासूबाई सत्तरीच्या पुढच्या, गुडघे दुखरे, अंडंही न खाणाऱ्या, पण फिरायची हौस आमच्या सगळ्यांहून जास्त.

तर विचारायचं असं की, शाळा होती त्या टोकियोतल्या जियुगाओकाला आज नेमकं काय आहे? नागानोकडे आगगाडीचे डबे ठेवलेत असं ऐकलंय, तिथे वयस्कर माणसाला घेऊन जाणं झेपेल का? आणि जेवणाचं काय करायचं? तिथे राहणाऱ्या किंवा जाऊन आलेल्या कुणी सांगितलं तर फार उपकार होतील.

---

योकोहामाकर

ताई, तुमची पोस्ट वाचून फार आनंद झाला. मी बरीच वर्षं इथे राहते आणि माझी मुलं हेच पुस्तक जपानीतून वाचत मोठी झाली. जरा सविस्तर लिहिते.

आधी जियुगाओका. शाळा होती त्या जागी पुष्कळ वर्षं एक सुपरमार्केट होतं. ते पाडून २०२३ मध्ये तिथे नवी खरेदीची इमारत उभी राहिली. म्हणजे झाड नाही, डबे नाहीत, जिवंत झाडांचं ते फाटकही नाही. लेकीला हे निघण्याआधीच नीट सांगा. पण त्या भागात जरूर जा, कारण पुस्तकातलं दोन गोष्टींत अजून शिल्लक आहे.

एक म्हणजे ओइमाची लाइन. पुस्तकाच्या पहिल्या पानावर आई आणि तोत्तोचान याच गाडीने येऊन जियुगाओकाला उतरतात. बहुतेक पर्यटक शिबुयाहून तोयोको लाइनने येतात, ते जवळ पडतं. तुम्ही मात्र जेआरने, म्हणजे जपान रेल्वेच्या गाडीने, ओइमाचीला जा आणि तिथून ही छोटी लोकल धरा. वाटेत कितासेन्झोकु स्टेशन लागतं. तोत्तोचानचं आणि तिच्या रॉकी कुत्र्याचं घर त्याच बाजूला होतं. पंधरा-वीस मिनिटांत जियुगाओका.

इथे प्रवासाचं कार्ड वापरू नका, लेकीसाठी कागदी तिकीट काढा. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट पडतं. तोत्तोचानला तिकीट जवळ ठेवायचं होतं आणि तपासनीस काकांनी ते परत घेतलं होतं, आठवतंय ना? आता फाटकं यंत्राची आहेत आणि टाकलेलं तिकीट यंत्र गिळतं. पण बाजूच्या खिडकीतल्या कर्मचाऱ्याला तिकीट दाखवून "किनेन नी मोराएमासु का" असं विचारलं, तर ते त्यावर शिक्का मारून परत देतात. आठवण म्हणून मिळेल का, एवढंच ते विचारणं. हे लेकीलाच विचारू द्या.

दुसरी गोष्ट कुहोनबुत्सुचं देऊळ, खरं नाव जोशिनजी. सकाळचा अभ्यास आटोपला की तोमोईची मुलं दुपारी चालत जायची ती इथेच. वाटेत बाई मोहरीसारख्या पिवळ्या फुलांतले पुंकेसर-स्त्रीकेसर दाखवतात, तुटता तारा पडलेल्या विहिरीत मुलं डोकावतात, ते सगळं या फेरीतलं. आता शेतं नाहीत, घरं आहेत. पण स्टेशनापासून झाडांचा एक सुंदर पादचारी रस्ता जातो, त्यावर ठिकठिकाणी बाक आहेत. सासूबाई बसत-बसत आरामात येतील. नाहीतर एकच स्टेशन पुढे कुहोनबुत्सुला उतरलं की देवळाचं दार समोरच. आत तीन मंदिरांमध्ये तीन-तीन अशा अमिदा बुद्धाच्या नऊ मोठ्या मूर्ती आहेत, आणि प्रचंड जुने वृक्ष. नोव्हेंबर सरताना तिथला गिंको पिवळा होतो.

आता तुम्ही ऐकलेले डबे. ते नागानो प्रांतात मात्सुकावा गावी आहेत, आझुमिनो चिहिरो पार्कमध्ये. चिहिरो इवासाकी म्हणजे पुस्तकातल्या त्या पाणरंगी मुलांची चित्रकार. ती १९७४ मध्येच वारली आणि पुस्तक आलं १९८१ मध्ये. म्हणजे ती चित्रं या गोष्टीसाठी काढलेलीच नाहीत, कुरोयानागीबाईंनी तिच्या आधीच्या चित्रांतून निवडली. मला हे कळलं तेव्हा मी पुस्तक पुन्हा उघडून प्रत्येक चित्र पाहिलं होतं. तिच्या नावाचं संग्रहालय तिथे १९९७ पासून आहे आणि २०१६ मध्ये शेजारच्या बागेत 'तोत्तोचान चौक' झाला. जुने खरेखुरे आगगाडीचे दोन डबे. एकात तोमोईचा वर्ग मांडलाय, लाकडी बाकं, फळा, सगळं. दुसऱ्यात वाचनालय. मुलं आत बसू शकतात. भोवती शेतं आणि मागे डोंगरांची रांग. बागेला तिकीट नाही.

जायचं कसं: शिंजुकूहून 'आझुसा' गाडीने मात्सुमोतो, सुमारे दोन तास चाळीस मिनिटं. तिथून ओइतो लाइनची लोकल, शिनानो-मात्सुकावा स्टेशन, पाऊण-एक तास. स्टेशनापासून टॅक्सी करा, पाच-सात मिनिटं लागतात. लोकल तासा-तासाने असतात, तेव्हा परतीची वेळ आधी बघून ठेवा. एका दिवसात टोकियोहून जाऊन येता येतं, पण सासूबाई बरोबर आहेत तर मात्सुमोतोला मुक्काम करा.

आणि महत्त्वाचं: हे संग्रहालय डिसेंबर ते फेब्रुवारी बंद असतं. दिवाळीची सुट्टी त्या दृष्टीने अगदी योग्य आहे.

---

ठाण्याचा_भटक्या

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. पहिल्यांदाच जपानला जाताय, तर क्योटो, हिरोशिमा आणि मुलीसाठी डिस्नेलँड सोडून सुपरमार्केटच्या जागेवर जाण्यात काय अर्थ? आठ वर्षांचं मूल तिथे पाच मिनिटांत कंटाळेल. सात दिवसांचा जेआर पास (पर्यटकांसाठीचा रेल्वे पास) काढा आणि मोठी शहरं करा.

---

शाळेतली_बाई

राग कसला, दादा. तुम्ही काळजीनेच लिहिलंय. पण आमची सुट्टी आठवड्याभराची आहे, आणि सासूबाईंना रोज नव्या शहरात सामान बांधायला लावणं मला नको वाटतं. शिवाय डिस्नेलँडचं नाव लेकीने आजवर काढलेलं नाही. तोमोईचं मात्र रोज काढते. तिला जे माहीत आहे, जे तिने मनात पाहिलंय, तिथे तिला नेलं तर ती पाय दुखेपर्यंत चालेल.

---

योकोहामाकर

पासबद्दल: ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा साधा पास २९,६५० वरून ५०,००० येन झाला. मात्सुमोतोला एका बाजूचं भाडं सात हजारांच्या आसपास पडतं. टोकियो आणि मात्सुमोतो एवढंच करणाऱ्यांनी पास घेऊ नये.

तुमच्या यजमानांसाठी: येताना मात्सुमोतोहून 'शिनानो' गाडीने नागानोला जा आणि तिथून शिनकानसेनने टोकियो, दीडेक तास. बुलेट ट्रेन झाली. फुजीसाठी जाताना आझुसात डाव्या बाजूच्या खिडक्या घ्या. हवा स्वच्छ असली तर कोफूच्या आसपास डोंगरांवरून त्याचा माथा दिसतो. मात्सुमोतोचा किल्लाही यजमानांना आवडेल, मूळ लाकडी बांधकाम तसंच टिकून आहे. आतले जिने मात्र भयंकर उभे आहेत, सासूबाईंना खंदकाकाठी बागेतच बसवा.

---

पायवाट

मी एका पायाला कॅलिपर लावतो, लहानपणी पोलिओ झाला होता. यासुआकी-चानमुळे हे पुस्तक माझ्या फार जवळचं आहे. तोत्तोचान त्याला शिडीवरून ढकलत, ओढत झाडावर नेते, तेव्हा तिला त्याची दया आलेली नसते. आपलं झाड मित्राला दाखवायचं असतं तिला. माझ्याशी कुणी असं वागावं असं मला शाळेत फार वाटायचं. आणि पोहण्याच्या तलावाचं प्रकरण! गुरुजी सगळ्यांनाच कपड्यांशिवाय पाण्यात उतरू देतात, म्हणजे कुणालाच स्वतःच्या शरीराची लाज वाटायला नको. ज्या गावात शिक्षक असा विचार करत होता ते बघायला मी गेलो होतो.

सासूबाईंसाठी एवढंच सांगतो. स्टेशनात लिफ्ट असतात, पण कधी कधी फलाटाच्या पार दुसऱ्या टोकाला. चालणं वाचवायचं तर लिफ्ट कुठल्या दाराजवळ आहे ते आधी नकाशात बघा. चाकाची खुर्ची घेणार असाल तर संकोच करू नका. फाटकावर सांगितलं की कर्मचारी फलाट आणि डब्यामध्ये फळी टाकून चढवून देतो आणि उतरायच्या स्टेशनला कळवतो. तिथे दुसरा माणूस फळी घेऊन उभा असतो. माझ्याशी सगळे असे वागले की मी काही वेगळं मागतोय असं मला एकदाही वाटलं नाही.

टोकियोत चिहिरोचं आणखी एक संग्रहालय आहे, नेरिमात, ती राहायची त्याच जागी. १९७७ पासून चालू आहे. तिची काम करायची खोली तिथे जशीच्या तशी मांडलीय. कामी-इगुसा स्टेशनहून चालत सात-आठ मिनिटं. लहान आणि शांत जागा आहे, थकलेल्या दिवशी ठेवा.

---

मेतकूट_भात

जेवणाचं मी सांगते, माझी आईपण कट्टर शाकाहारी आहे. इथली खरी अडचण दाशी. वाळवलेल्या माशाचा अर्क सूपमध्ये, सोबा नूडल्सच्या रश्शात, भाज्यांच्या शिजवणीत, सगळीकडे असतो. 'मांस नाही' एवढं सांगून भागत नाही. जपानीत लिहिलेली चिठ्ठी जवळ ठेवा: मांस, मासे, अंडी, दाशी चालत नाही. टोकियोत भारतीय खानावळी मुबलक आहेत, आझुमिनोत त्या भरवशावर राहू नका. भाजणी, मेतकूट, खाकरे बरोबर न्या, आणि मुक्कामाला किटली आहे का ते विचारून घ्या.

पण ताई, तुम्ही तोमोईचा डबा करा ना! गुरुजी डब्यात काही समुद्रातलं आणि काही डोंगरावरचं आणायला सांगायचे आणि ज्याच्या डब्यात काही कमी असेल त्याला त्यांची बायको आपल्या पातेल्यांतून वाढायची. शाकाहारात हे छान जमतं. समुद्रातलं म्हणजे नोरी, ते शेवाळच आहे. साधी भाजलेली घ्या, मसाला लावलेल्या नोरीत माशाचा अर्क असू शकतो. डोंगरावरचं म्हणजे भाजलेली चेस्टनट आणि नागानोची सफरचंदं. त्या दिवसांत दोन्हींचा हंगाम असतो. भात शिजवलेला तयार मिळतो, त्यात मेतकूट कालवा आणि नोरीत गुंडाळा. आझुमिनोच्या बागेत हिरवळीवर बसून खा. नागानोत ओयाकी नावाचे सारण भरलेले गोळे मिळतात, लाल चवळीसारख्या गोड अझुकीचे सासूबाईंना पुरणासारखे लागतील. भाजीचे घेताना विचारून घ्या.

---

शाळेतली_बाई

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. काल रात्री सगळा धागा घरात मोठ्याने वाचून दाखवला. पायवाट, तुमचा प्रतिसाद वाचताना सासूबाईंनी मला थांबवून पुन्हा वाचायला लावला. चाकाची खुर्ची त्या आजवर नाकारत होत्या, आता घेऊ म्हणाल्या. तलावाच्या प्रकरणाचं तुम्ही लिहिलंत, तेही मी आता वर्गात नीट उलगडून सांगणार आहे. ते मी घाईने वाचून पुढे जात असे.

बेत साधारण असा: आधी टोकियोत मुक्काम. त्यात एक अख्खा दिवस ओइमाची लाइन, जियुगाओका आणि कुहोनबुत्सु, एक दिवस नेरिमा आणि विश्रांती. मग मात्सुमोतोला दोन रात्री, मधला पूर्ण दिवस आझुमिनोला डबा घेऊन, आणि नागानोवरून शिनकानसेनने परत. नवरा राजी आहे. डाव्या बाजूच्या खिडकीवर त्याने हक्कही सांगून ठेवलाय. पुस्तकातली मुलं बोटीने सहलीला जातात ते तोई गाव इझूत आहे, ते मात्र यावेळी सोडतोय.

योकोहामाकरताई, दोनच शंका. आम्ही नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात असू, तेव्हा गर्दी कितपत? आणि मात्सुमोतोला मोठ्या बॅगा ओढत नेणं टाळता येईल का?

---

योकोहामाकर

३ नोव्हेंबरला इथे संस्कृती दिनाची सुट्टी असते. ती शनिवार-रविवारला जोडून आली तर आझुसा भरून जाते आणि तिच्या सगळ्या जागा आरक्षितच असतात. आरक्षण बरोबर महिनाभर आधी जपानी वेळेनुसार सकाळी दहाला उघडतं, म्हणजे आपल्याकडे साडेसहाला. शक्यतो आझुमिनो शनिवार-रविवार सोडून ठेवा. संग्रहालयांच्या साप्ताहिक सुट्ट्या त्यांच्या संकेतस्थळावर बघूनच दिवस पक्का करा, दोन्हींचा सुट्टीचा वार वेगळा आहे.

बॅगांची चिंता नको. टोकियोच्या हॉटेलातून ताक्युबिनने, म्हणजे सामान पोचवणाऱ्या कुरियरने, त्या थेट पुढच्या टोकियोच्या मुक्कामी पाठवून द्या, तारीख लिहून दिली की त्या दिवशी पोचतात. मात्सुमोतोला पाठीवरच्या पिशव्या पुरे. गरम कपडे मात्र त्यात ठेवा, तिथे संध्याकाळी टोकियोपेक्षा बरीच थंडी असते. आणि जियुगाओकाचा दिवस ठरला की कळवा. मला त्या भागातली लिफ्ट असलेली दारं माहीत आहेत, तुमच्या वेळेप्रमाणे लिहून पाठवते.